वरचा स्वल्प वाचणारी

छापखान्यातले लोक तिला पोपटबाई म्हणायचे. समोर नुसतं 'बाई', पाठ वळली की पोपटबाई. तिला ते ठाऊक होतं. जिन्याखाली उभं राहून बोललेलं वरच्या खोलीत स्वच्छ ऐकू येतं, हे त्या लोकांना वीस वर्षांत कळलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

नाव पडायला कारण होतं. तिचं काम दिवसभर इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचायचं. वाचायचं म्हणजे बातम्या देणारी वाचते तसं नव्हे. शब्द न शब्द, खूण न खूण. कॉमा आला की 'स्वल्प', वाक्य संपलं की 'पूर्ण', मोठं अक्षर आलं की 'मोठं', परिच्छेद बदलला की 'ओळ तोडा'. आणि अक्षराच्या डोक्याशी माशी बसावी तशी जी बारीक खूण असते, शेवटच्या एसच्या अलीकडे नाहीतर पलीकडे, ती आली की 'वरचा'. म्हणजे वरचा स्वल्प. शाळेत तिला अपॉस्ट्रॉफी म्हणतात, पण दिवसातून चारशे वेळा अपॉस्ट्रॉफी म्हणून बघा, जीभ राजीनामा देईल.

समोर मुद्रितशोधक बसायचे. त्यांना अख्खा छापखाना पंडित म्हणायचा, आणि तो मात्र तोंडावर, आदराने. ती हातात मूळ प्रत घेऊन वाचायची, पंडित समोरच्या प्रुफावर बोट फिरवत ऐकायचे, आणि कानावर आलं एक नि प्रुफात दिसलं दुसरं असं झालं की लाल पेन चालवायचे. दोघांच्या मध्ये मेजावर हातभर उंचीची लाकडी फळी उभी केलेली होती. वाचणाऱ्याने प्रूफ बघायचं नाही, तपासणाऱ्याने मूळ प्रत बघायची नाही, हा तिथला पहिला नियम. डोळा लबाड असतो, जे असायला हवं तेच त्याला दिसतं. कान बिचारा येईल ते घेतो. दुसरा नियम त्याहून कडक होता. लिहिलंय तेच वाचायचं. लिहिणारा चुकला असेल तर ती त्याची चूक, त्याला लखलाभ. छपाई झाली की मूळ प्रत आणि प्रूफ सुतळीने एकत्र बांधून कोठीत जायचं. उद्या गिऱ्हाईक भांडायला आलंच तर गठ्ठा सोडून बघायचं. चूक मूळ प्रतीत असेल तर गिऱ्हाइकाच्या गळ्यात, नसेल तर आपल्या.

शेवटच्या प्रुफाच्या खालच्या कोपऱ्यात पंडितांची सही व्हायची. ती झाल्याशिवाय खाली यंत्र हलायचं नाही. वाचणारीची सही कुठेच नसायची. मजकूर तिच्या तोंडून गेला याचा कागदावर काडीइतका पुरावा उरत नसे. आणि तिला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे त्या कोपऱ्यात आपली सही. पगार वाढावा असं कुणाला वाटत नाही? तिलाही वाटायचं. पण रस्त्याने जाताना एखाद्या दुकानात टांगलेली आपल्याकडची छपाई दिसली की तिची नजर आधी उजव्या कोपऱ्याकडे जायची. तिथे अर्थातच काही नसायचं. छापील कागदावर शोधकाची सही येत नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

नोकरीला लागली तेव्हा तिचं इंग्रजी पत्र वाचता येईल पण लिहिता येणार नाही इतपत होतं. मालकांना तेवढंच हवं होतं. जास्त कळणारा माणूस वाचताना स्वतःचं डोकं चालवतो, असं त्यांचं मत होतं. मत बरोबर होतं, हे पुढे दिसेलच.

दुसऱ्या वर्षी शाळांसाठीचं एक इंग्रजी व्याकरण छापायला आलं. तीन प्रुफं निघाली, म्हणजे तिने ते पुस्तक तीनदा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत मोठ्याने वाचलं. पैसे मोजून शिकवणीला जाणारी मुलंसुद्धा इतकं वाचत नाहीत. वरच्या स्वल्पाचं प्रकरण सात पानांचं होतं. पहिल्यांदा ती पोपटासारखीच वाचून गेली. दुसऱ्यांदा वाचताना मध्येच तिच्या लक्षात आलं की अरे, हे तर आपल्यासारखंच आहे. आपल्याकडे एकीचं असेल तर मुलीचं आणि पुष्कळजणींचं असेल तर मुलींचं, डोक्यावर टिंब. तिकडे तेच काम ती माशी करते. एसच्या अलीकडे बसली तर मुलगी एक, पलीकडे बसली तर पुष्कळ. शिवाय दोन शब्द एकमेकांना चिकटवताना मधलं अक्षर गाळलं, तर त्या रिकाम्या जागेवर तिने जाऊन बसायचं. आणि 'इट्स' म्हणजे 'त्याचं' असेल तर मात्र तिने मुळीच बसायचं नाही. पाय घसरायची सोय नियम करणाऱ्यांनीच करून ठेवलीय.

त्या दिवशी घरी जाऊन तिने हे नवऱ्याला समजावून सांगितलं. नवरा एका गोदामात माल उतरवून घ्यायचा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यात तुझं काय?"

ती भाकऱ्या थापायला उठली. पण तिसऱ्या वाचनात ते प्रकरण तिचं झालं होतं.

मग एका शाळेची पुस्तिका आली. मुलींच्या नव्या वसतिगृहाची. मूळ प्रतीत मथळ्यातच माशी एसच्या अलीकडे बसलेली. म्हणजे दोन मजले, चाळीस खाटा, मागे विहीर आणि राहायला एकच मुलगी. तिला हसू आलं आणि हसू संपायच्या आत लाज वाटली. हे छापून येणार, मुलींचे आईबाप वाचणार, त्यातला एखादा शहाणा शाळेला हसणार. आणि लाज तिला का वाटावी? ना ती तिची शाळा, ना तिची चूक. पण वाटली खरी. वाचताना तिने 'गर्ल्स' पुरतं उच्चारलं आणि मग 'वरचा' म्हटलं. आवाज हलला नाही. फळीपलीकडे लाल पेन चाललं.

महिन्याभराने शाळेच्या मुख्याध्यापिकेचं पत्र आलं. आमच्या हातून राहिलेली चूक आपल्या शोधकांनी सुधारली, आम्ही आभारी आहोत. मालकांनी ते पत्र काचेत बसवून पंडितांच्या खुर्चीमागे लावलं. पंडितांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "कामच आहे आमचं."

तिथून तिने कधी लिहिलं तसं वाचलं नाही. शब्द ती बदलत नसे, वाक्याला हात लावत नसे. फक्त वरचा स्वल्प. बँकांची माहितीपत्रकं, कॉलेजांची वार्षिकं, दवाखान्यांच्या पाट्या, सगळीकडे त्या माशीने धुमाकूळ घातलेला असायचा. जिथे नको तिथे बसलेली, जिथे हवी तिथून उडालेली. ती वाचता वाचता जिची तिला जागा देत जायची. असं अठरा वर्षं.

पंडितांचं नाव झालं. गिऱ्हाइकं दुसरे छापखाने सोडून इथे यायला लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. खोटं कशाला बोला, जुळणीतली, म्हणजे खाली अक्षरं जुळवताना झालेली चूक पंडितांच्या नजरेतून सुटायची नाही. तेवढा त्यांचा हात होता. पण मूळ प्रतीतली चूक ते सुधारणार कसे? मूळ प्रत त्यांनी पाहिलेलीच नसायची. ही साधी गोष्ट गिऱ्हाइकांच्या डोक्यात आली नाही, मालकांच्या आली नाही.

पंडितांच्या मात्र आली होती. एकदा खालचा जुळणीवाला तणतणत वर आला. प्रुफात दरवेळी त्याच्या नावावर चुका निघायच्या आणि त्याला बोलणी बसायची. त्याने मूळ प्रतीचं पान फळीवरून पंडितांच्या पुढे धरलं. "हे बघा सर, इथे जसं आहे तसंच मी जुळवलंय. मग माझी चूक कशी?"

पंडितांनी त्या पानाकडे पाहिलं नाही. चष्म्यावरून पाहिलं ते तिच्याकडे, बराच वेळ. मग म्हणाले, "बाई वाचतात तेच धरायचं. जा खाली."

जुळणीवाला बडबडत गेला. पंडित तिला म्हणाले, "वाचा पुढे."

बस, एवढंच. पण ती त्या दोन शब्दांवर कित्येक वर्षं जगली. तिने धरून चालवलं की यांना सगळं माहीत आहे, यांची संमती आहे, आणि वेळ येईल तेव्हा हा माणूस आपल्यामागे उभा राहील. माणसं संमती आणि गप्प बसणं यात गल्लत करतात, तशी तिने केली. बिचाऱ्या जुळणीवाल्याचं काय, असा प्रश्नही तिला पडायचा. मग ती त्याला आपल्या डब्यातलं काहीतरी द्यायची आणि तो 'पोपटबाई मनाने बरी आहे' म्हणायचा.

पंडितांच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा खाली यंत्रांच्या खोलीत छोटीशी सभा झाली. मालक म्हणाले, वीस वर्षांत या माणसाच्या हाताखालून गेलेल्या कामाची एक तक्रार आली नाही. टाळ्या पडल्या. पंडित उत्तराला उभे राहिले. त्यांनी मालकांचे आभार मानले, यंत्रांवरच्या लोकांचे मानले, जुळणीचे मानले. शेवटी म्हणाले, "आणि आमच्या बाई. बाईंचा आवाज फार स्पष्ट आहे."

ती मागे उभी होती. आधी तिला वाटलं, पुढे आणखी काही म्हणतील. ते खाली बसले.

तरी ती दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये गेली. घरी लेकीला सांगून आली होती, की आता आई शोधक होणार. लेक कॉलेजात शिकत होती, तिने मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं.

"सरांच्या जागेवर माझा विचार व्हावा," ती म्हणाली. हे वाक्य तिने बसमध्ये पाठ केलं होतं.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. "तुम्ही वाचता छान, बाई. पण शोधकाला भाषा यावी लागते."

"येते."

"कशावरून?"

"परीक्षा घ्या."

मालक हसले. चिडवून नाही, लहान मुलाला हसावं तसं हसले. तेच तिला जास्त लागलं. त्यांनी चिडवलं असतं तर ती उठून गेली असती. हसले म्हणून ती कोठीत गेली, आणि दुपारी अकरा गठ्ठे छातीशी धरून दोन खेपांत केबिनमध्ये आणून ठेवले. सुतळ्या सोडल्या. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे प्रूफ. वसतिगृहाची पुस्तिका सगळ्यात वर.

"हे बघा. यांनी लिहिलंय ते चूक. मी वाचलं ते बरोबर. सरांनी मी वाचलं तशी दुरुस्ती केली. अकराच आणलेत. कोठीत शेकड्यांनी आहेत."

मालक मंद नव्हते. दहा मिनिटं ते पानं उलटत होते आणि ती उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा बदलत गेला. तिला वाटलं, आता उमगलं यांना. उमगलं होतंच, पण भलतंच.

त्यांनी पंडितांना बोलावून घेतलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

पंडितांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. "मूळ प्रत मी कधी बघितलेली नाही," ते म्हणाले. "नियमच आहे तसा."

अक्षरशः खरं होतं ते. एक शब्द खोटा नव्हता. ती वाट बघत राहिली, की हा माणूस आणखी एक वाक्य बोलेल. पंडितांनी विचारलं, "मी जाऊ का? वर काम पडलंय." आणि गेले. तिला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सोडलेली एक सुतळी तिने बोटांभोवती करकचून आवळली.

"म्हणजे अठरा वर्षं," मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाचा मजकूर तुम्ही परस्पर बदलत होता."

"सुधारत होते."

"ते ठरवणार कोण? उद्या कुणी दारात उभं राहून म्हणालं, मी असं लिहिलंच नव्हतं, तर मी गठ्ठा सोडून त्याला काय दाखवू? माझाच गळा आणि माझीच सुतळी?"

"पण कुणी म्हणालं नाही. अठरा वर्षांत नाही. उलट पत्रं आली आभाराची."

"आली ती नशीब. बाई, वाचणाऱ्याला एकच गोष्ट करायची असते, आणि तेवढीच तुम्ही केली नाहीत. तुम्हाला शोधक केलं, सहीचा अधिकार दिला, तर तुम्ही काय काय बदलाल?"

आपली लायकी दाखवायची तर आपला गुन्हा दाखवावा लागत होता, आणि दोन्हींचा पुरावा एकाच सुतळीत बांधलेला. तिने स्वतःच्या हाताने आणून ठेवलेला. मालक म्हणाले, तुम्हाला काढत नाही, इतक्या वर्षांचा विचार करतो, पण लेखी द्या. तिने तिथेच बसून लिहून दिलं, की यापुढे मूळ प्रतीत जसं असेल तसंच वाचीन. खाली सही केली. छापखान्याच्या कागदावर, हजेरीचं पुस्तक सोडलं तर, तिची ती पहिली सही.

घरी नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस." मैत्रिणींना आता काय सांगायचं, एवढंच लेकीच्या तोंडावर दिसत होतं. दोघांनाही तिने जेवायला वाढलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, तो तिने त्या आठवड्यात रोज खाल्ला.

पंडितांच्या खुर्चीवर मालकीणबाईंचा भाचा आला. इंग्रजी घेऊन पदवीधर झालेला, तिशीच्या आतला, बोलायला गोड. पहिल्या दिवसापासून तिला मावशी म्हणायला लागला. खाली त्याचं नाव भाचेबुवा पडलं. कामात वाईट नव्हता म्हणण्यापेक्षा कामात नव्हताच म्हणावं. ती वाचायची, तो ऐकायचा, मध्ये मध्ये फोनकडे बघायचा, आणि पान संपलं की झोकदार सही ठोकायचा. तो पान उचलायचा तेव्हा ती सही तिला फळीवरून उलटी दिसायची.

तिने आता लिहिलं तसं वाचायला सुरुवात केली. शब्द दिला होता म्हणून नाही, रागाने. बघू दे यांना, पोपट पोपटासारखा बोलला तर काय होतं ते. पहिलीच चूक बँकेच्या पत्रकात आली, 'इट्स'वर नको असलेला वरचा. घशात काटा अडकावा तसं झालं, पण तिने तो वाचला. भाचेबुवाने मान हलवली. पत्रक हजारांनी छापून गेलं.

ती तक्रारीची वाट बघायला लागली. एक तक्रार आली, की मालक गठ्ठा सोडतील, चूक मूळ प्रतीतली निघेल, आणि मग त्यांना कळेल अठरा वर्षं तक्रार का नव्हती ते. दर सोमवारी टपाल आलं की ती काहीतरी निमित्त काढून खाली जायची. सोडलेली प्रत्येक चूक तिला पाठ होती. कुठलं काम, कितवं पान, कितवी ओळ. भांड्यांना हात लावताना, बसमध्ये उभी असताना ती त्या मनातल्या मनात मोजायची.

तक्रार आली नाही. एक महिना नाही, सहा महिने नाही, वर्ष झालं तरी नाही. बँक खूश होती, दवाखाने खूश होते, कॉलेजं पुन्हा काम घेऊन येत होती. लोकांना आपलंच लिहिलेलं छापून मिळालं होतं, त्यांना ते बरोबरच वाटणार. एकदा जिन्यात मालक भेटले आणि सहज म्हणाले, "बघा, आता सगळं कसं सुरळीत चाललंय." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. तिला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

अठरा वर्षं तिने जे जपलं ते असताना कुणाला दिसलं नव्हतं, आणि आता नसतानाही कुणाला दिसत नव्हतं. ती दिवसाला शंभर पानं वाचायची आणि घरी येऊन कुणाशी बोलायची नाही.

दीड वर्षाने पंडित आले. दुपारची सुट्टी होती, भाचेबुवा बाहेर गेला होता, ती एकटी खोलीत डबा धुऊन पुसत होती. पंडित थकलेले दिसत होते. काखेत छत्री, हातात एका कॉलेजचा जाडजूड स्मृतिग्रंथ. ते स्वतः त्या कॉलेजात शिकले होते. ग्रंथ इथेच छापला होता, आणि शेवटच्या पानावर छापखान्याच्या काटेकोर कामाबद्दल आभार मानलेले होते.

त्यांनी ग्रंथ मेजावर ठेवून उघडला. पानापानांवर लाल वर्तुळं. "एकतीस," ते म्हणाले. "एकट्या वरच्या स्वल्पाच्या एकतीस चुका. बाई, हे काय चाललंय?"

"वाचायचं काम चाललंय."

"तुमच्या तोंडून हे गेलंच कसं?"

"लिहिलं होतं तसं गेलं. तुमच्या वेळी मी असलं जाऊ देत नव्हते, हे तुम्हाला कसं कळलं? मूळ प्रत तर तुम्ही कधी बघितली नव्हती."

पंडित बसले. त्यांच्या जुन्या खुर्चीत नाही, भिंतीकडेच्या स्टुलावर. छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "तो जुळणीवाला वर आला होता ना, त्याच्याही आधीपासून."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"महिना राहिला होता माझा. सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले होते. मी तेव्हा बोललो असतो, तर माझ्याजवळ काय उरलं असतं, बाई?"

"आणि माझ्याजवळ काय उरलं, ते बघायला आलात?"

त्यांनी ग्रंथातल्या लाल वर्तुळांवर बोट ठेवलं. म्हणाले, "तुम्ही पुन्हा पहिल्यासारखं वाचा. छापखान्याचं नाव जातंय."

"लेखी दिलंय मी. आणि नाव कुठे जातंय? तक्रार नाही एक. तुम्ही सोडून कुणाच्या डोळ्यांना दिसलंही नाही." ती उभी राहिली. "मालक खाली केबिनमध्ये आहेत. आत्ता मला सांगितलंत ते त्यांना सांगा. पंधरा पायऱ्या आहेत."

"आता काय उपयोग त्याचा?"

"उपयोगाचं माझं मी बघते. तुम्ही सांगा."

पंडित उठले. "बघतो," म्हणाले. ग्रंथ तिथेच राहिला. ती दाराशी जाऊन कान देऊन उभी राहिली. ऐकणं आणि ऐकवणं यातच तिचं आयुष्य गेलं होतं, पावलं तिला बरोबर कळत होती. पायऱ्या संपल्या. केबिनपाशी पावलं थांबली. मग दार वाजलं, पण ते रस्त्याकडचं.

तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. खुर्चीत बसून तिने ग्रंथ पुढे ओढला. निदान या माणसाला तरी एकूण एक दिसल्या, हे कुठेतरी बरं वाटत होतं. तिने आपल्या पाठ असलेल्या चुका त्याच्या वर्तुळांशी जुळवायला घेतल्या. पान नऊ, ओळ सहा. आहे. पान चौदा, दोन. आहेत. पान बावीस, तसबिरीखालची ओळ. आहे. रागाने सोडलेली प्रत्येक तिला चेहऱ्याने ओळखू येत होती. शेवटच्या पानापर्यंत तिच्या सव्वीस झाल्या.

वर्तुळं एकतीस होती.

तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. उरलेल्या पाच तिने एकेक करून बोट ठेवून पाहिल्या. पान चौसष्टवर विद्यार्थ्यांचा वाचनकक्ष होता आणि माशी एसच्या अलीकडे, एकाच विद्यार्थ्यापुरती. वसतिगृहाचीच चूक, तशीच्या तशी, मथळ्यात, मोठ्या अक्षरात. पूर्वी झोपेत दाखवली असती तरी तिने धरली असती. ही तिने सोडलेली नव्हती. ही घशात अडकली नव्हती, लक्षात राहिली नव्हती. ही तिने स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचली होती आणि तिला ती दिसलीच नव्हती. बाकीच्या चारही तशाच.

जिन्यात शीळ ऐकू आली आणि भाचेबुवा आत आला. फळीपलीकडे बसत त्याने प्रूफ उघडलं, लाल पेनाचं टोपण काढलं. "चला मावशी, सुरू करू या?"

तिने ग्रंथ मिटून बाजूला सारला आणि नवी मूळ प्रत हातात घेतली. पहिल्याच ओळीत एक वरचा होता. तो बरोबर आहे की चूक, ते तिला पटकन सांगता येईना. तिने ओळ दोनदा मनात वाचून पाहिली. भाचेबुवा थांबला होता. मग तिने लिहिलं होतं तसं वाचलं.